मराठीच्या तासाला नकाशा: पाणंदीपासून पंढरपूरपर्यंत

आठवीच्या वर्गाला ‘माझे गाव’ हा निबंध घाला आणि वह्या गोळा करा. बहुतेक गावे निसर्गाच्या कुशीत वसलेली निघतात, प्रत्येक गावाला हिरवीगार वनराई असते आणि खळखळ वाहणारी नदी असते. मी पुरंदर तालुक्यात मराठी शिकवते. आमची कऱ्हा वर्षातले बरेच महिने कोरडी असते, हे या मुलांइतके कोणाला ठाऊक नाही. तरी वहीत ती बारा महिने खळखळते. मुले खोटे लिहीत नाहीत. ऐकलेली, पाठ झालेली वाक्ये ती परत करतात, कारण हा निबंध वाचणार कोण, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

मराठीच्या तासाला नकाशा आणायचा तो यासाठी. नकाशावर एका ठिकाणी खूण करून तिच्याखाली चार ओळी लिहिल्या, की त्या ओळी त्या जागेला बांधलेल्या राहतात. वाचणारा उद्या तिथे जाऊन उभा राहू शकतो. पायऱ्या मोजू शकतो. देऊळ पूर्वाभिमुख आहे की पश्चिमाभिमुख, ते पाहू शकतो. आपले लिहिणे कोणीतरी पडताळून पाहणार आहे, हे कळल्याबरोबर मुलांची वाक्ये बदलतात. बाकी तंत्र दुय्यम आहे, आणि तसे फार अवघडही नाही. संगणकाची धास्ती असलेल्या शिक्षकांनी हा लेख जरूर वाचावा.

साहित्य थोडेच लागते. एक लॅपटॉप, वर्गात प्रोजेक्टर किंवा मोठा टीव्ही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचे नेट आणि शिक्षकाचे एक गूगल खाते. मुलांची खाती काढण्याच्या भानगडीत पडू नका. वर्गाचा नकाशा शिक्षकाच्या एकाच खात्यावर ठेवावा आणि मुलांनी गटागटाने मजकूर तयार करून द्यावा. मी ‘गूगल माय मॅप्स’ वापरते. आपण नेहमी रस्ता शोधायला वापरतो ते गूगल मॅप्स वेगळे. माय मॅप्समध्ये स्वतःचा नकाशा तयार करून जपून ठेवता येतो. खातेच नको असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारे ‘यूमॅप’ आहे. त्यात खाते न काढताही नकाशा होतो. फक्त संपादनाची जी गुप्त लिंक मिळते ती लगेच कुठेतरी उतरवून ठेवावी लागते, नाहीतर पुन्हा त्या नकाशात बदल करता येत नाही.

पहिला तास: नेटशिवाय

पहिल्या तासाला लॅपटॉप उघडूच नका. फळ्यावर फक्त शाळा आणि एसटी स्टँड काढा आणि विचारा: पाहुणे स्टँडवर उतरले आहेत, त्यांना शाळेत यायचे आहे. रस्ता सांगा.

मुले आधी हातवारे करतात. हात बांधून सांगायला लावा. मग मोबाइलमधला आवाज रस्ता सांगतो तसा एक नमुना फळ्यावर लिहा: ‘५०० मीटर सरळ जा. नंतर डावीकडे वळा. २०० मीटरवर तुमचे ठिकाण उजवीकडे आहे.’ आणि घरी जाऊन आजोबांना किंवा शेजारच्या काकूंना तोच रस्ता विचारून, ते सांगतील तसाच उतरवून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी वहीत असे काही येते:

‘स्टँडावरनं सरळ खाली या. पार लागला की पार उजव्या हाताला ठेवून पुढं. ओढा ओलांडला की चिंच. चिंचेपासनं डावीकडं पाणंद फुटते, ती धरा. पाणंदीच्या तोंडाशी कुणालाही विचारा.’

हे दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवले, की चर्चेला निम्मा तास पुरत नाही. (पाणंद म्हणजे शेतांमधून जाणारी अरुंद वाट.) मोबाइल अंतर मोजतो, आजोबा खुणा मोजतात. आजोबांच्या सांगण्यात वळणाआधी काहीतरी ‘लागते’, ‘येते’, ‘फुटते’. रस्ताच चालत असल्यासारखी क्रियापदे येतात. शेवटी माणसाला विचारण्याची सोय ठेवलेली असते. मुलांना मी दोन्ही प्रकारे लिहायला लावते: एकदा मीटरमध्ये, अनोळखी माणसासाठी, एकदा खुणांमध्ये, गावच्या पाहुण्यासाठी. बोलीत सांगितलेला रस्ता बोलीतच उतरवायचा आणि नंतर प्रमाण मराठीत पुन्हा लिहायचा. पहिला उतारा खोडायचा नाही.

व्याकरण शिकवण्याची खरी संधी इथे आहे. रस्ता सांगायचा म्हटला की शब्दयोगी अव्ययांवाचून एक पाऊल पुढे टाकता येत नाही: जवळ, समोर, मागे, अलीकडे, पलीकडे, लगत, शेजारी, खालून, वरून, पासून, पर्यंत. आणि शब्दयोगी अव्यय आले की सामान्यरूप आलेच. ‘देऊळ’चे देवळासमोर, ‘ओढा’चे ओढ्यापलीकडे, ‘पूल’चे पुलाखालून, ‘चावडी’चे चावडीमागे. मोबाइलवर लिहून लिहून मुलांना ‘देवळा समोर’, ‘पुला खालून’ असे तोडून लिहायची सवय लागली आहे. वीस वाक्यांत वीस वेळा जोडून लिहिले, की ती सवय सुटायला लागते.

एक पायरी पुढे जायचे असेल तर वहीतले सगळे स्त्रीलिंगी शब्द फळ्याच्या दोन बाजूंना लावायला सांगा. चिंच, वाट, बाग यांचे चिंचेला, वाटेने, बागेत असे होते. विहीर, भिंत, पाणंद, जमीन यांचे मात्र विहिरीला, भिंतीला, पाणंदीला, जमिनीला. दोन्ही गटांतले शब्द अकारान्तच आहेत, पण एका गटात ‘ए’ येतो आणि दुसऱ्यात ‘ई’. मुले हे बोलताना कधी चुकत नाहीत, फक्त आपण असे काही करतो हे त्यांना माहीत नसते. त्याच यादीत ‘विहीर’ची ‘विहिरी’ होताना ‘ही’ दीर्घाची ऱ्हस्व कशी झाली, ‘पूल’चा ‘पुला’ होताना ‘पू’ कसा आखडला, तेही दिसते. शुद्धलेखनाचा हा नियम मी पुस्तकातून शिकवला तर तो परीक्षेपुरता टिकतो. रस्ता सांगताना आलेला टिकतो जास्त, असा माझा अनुभव आहे.

दिशांचेही तसेच. चार दिशा सगळ्यांना येतात; आग्नेय, नैऋत्य, वायव्य, ईशान्य म्हटले की वर्ग शांत होतो. वर्गाच्या भिंतींवर आठही दिशा लिहून टाका आणि आठवडाभर ‘डावीकडे-उजवीकडे’ला बंदी घाला. दिशेने जागा सांगण्याची परंपरा मराठी गद्यात फार जुनी आहे. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, त्या जागा गावोगाव कोणत्या दिशेला आहेत, याची नोंद महानुभावांनी ‘स्थानपोथी’ नावाच्या ग्रंथातच करून ठेवली. त्यांच्या हाती नकाशा नव्हता, तरी माणूस नेमका त्या ओट्यापर्यंत पोचावा असे लिहिण्याची ती धडपड होती. नववीच्या मुलांना हे मी आवर्जून सांगते, कारण वर्ग जे करतो आहे तेच काम आपल्या भाषेने शेकडो वर्षांपूर्वी केले आहे.

नोंद कशी लिहून घ्यायची

गटाला एक जागा द्या. गावातली, रोज दिसणारी: विहीर, पार, गिरणी, आठवडे बाजाराचा माळ, बंद पडलेले दुकान, तालीम, सीताफळांचे लिलाव होतात ती जागा. किल्ला किंवा प्रसिद्ध देऊळ पहिल्या फेरीत नको. पुरंदर किल्ल्यावर मुले पाठ झालेला इतिहास लिहितात. गिरणीवर लिहिताना त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघावे लागते.

नोंद साधारण ४० ते ६० शब्दांची. नकाशावरच्या छोट्या चौकटीत तेवढीच वाचली जाते. माझे नियम असे: सुंदर, रमणीय, प्राचीन, निसर्गरम्य, ऐतिहासिक हे शब्द चालणार नाहीत. मोजून आणलेली एक तरी संख्या हवी. तिथे कोणीतरी काहीतरी करताना दिसले पाहिजे. आणि एका मोठ्या माणसाने सांगितलेली एक गोष्ट, ‘कोण म्हणाले’ यासह. नाव नको, ‘माझी आजी’, ‘गिरणीवाले काका’ एवढे पुरे.

एका गटाला विहीर दिली होती. पहिला मजकूर आला तो असा: ‘आमच्या गावातील विहीर खूप सुंदर व प्राचीन आहे. ती गावाची शान आहे. सर्वांना ती खूप आवडते.’ मी काही खोडले नाही. शेजारी फक्त प्रश्न लिहिले. कुठे आहे? खाली उतरता येते का, कोणत्या बाजूने? आता तिचे पाणी कोण वापरते? पूर्वी कोण भरायचे? मुली शाळा सुटल्यावर जाऊन आल्या आणि मग हे आले:

‘मारुतीच्या देवळामागे, ओढ्याच्या अलीकडे ही विहीर आहे. पूर्वेकडून उतरायला एकोणीस पायऱ्या आहेत, खालच्या चार पावसाळ्यात बुडतात. माझी आजी सांगते, नळ आला नव्हता तेव्हा अख्खी वरची आळी इथूनच पाणी भरायची. आता विहिरीवर मोटर आहे आणि पाणी अंजिराच्या बागेला जाते.’

‘मागे’, ‘अलीकडे’, ‘कडून’, ‘इथून’ ही सगळी जागेची भाषा आपसूक आली. ‘बुडतात’ हे क्रियापद मला फार आवडले, कारण ते कुठल्याही निबंधमालेत सापडणार नाही. आणि विहिरीची आजची अवस्था कोणताही उपदेश न करता शेवटच्या वाक्यात आली.

आजी-आजोबांचे बोलणे टिपायला मोबाइलवरचे बोलून लिहिण्याचे साधन वापरू द्यायला हरकत नाही. ते मराठी बरेच ओळखते, पण विरामचिन्हे घालत नाही आणि बोलीतले शब्द बदलून टाकते. म्हणून तो मजकूर ऐकून, वाचून दुरुस्त करणे हाच एक स्वतंत्र तास होतो.

नोंदी नकाशावर चढवणे

मजकूर तयार झाल्यावरच लॅपटॉप उघडा. माय मॅप्स संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडावे. मोबाइलवर नकाशा पाहता येतो, पण काम करायला पडदा मोठा हवा. नवीन नकाशा तयार करून आधी त्याला नाव द्या. डाव्या बाजूला थर (लेयर) दिसतात. एका नकाशात १० थर करता येतात आणि एका थरात २,००० पर्यंत खुणा मावतात, म्हणजे शाळेला कितीतरी वर्षे पुरेल इतकी जागा. मी इयत्तेला एक थर ठेवते. वरच्या पट्टीतल्या उलट्या थेंबासारख्या चिन्हावर टिचकी मारून नकाशावर जागा निवडली, की नाव आणि वर्णन लिहायची चौकट उघडते. तिथेच फोटो जोडता येतो.

एकेक खूण हाताने करत बसण्यात तास संपतो आणि एकच मूल काम करते, बाकीचे बघत बसतात. त्यापेक्षा गूगल शीटमध्ये तक्ता करा. रकाने पाच: ठिकाणाचे नाव, अक्षांश, रेखांश, नोंद, गट. प्रत्येक गट आपली ओळ भरतो. गूगल मॅप्सवर संगणकात त्या जागी उजवी टिचकी मारली की अक्षांश-रेखांश दिसतात, मोबाइलवर बोट दाबून धरले की. ते तसेच उचलून तक्त्यात टाकायचे. मग माय मॅप्समध्ये थराखालच्या आयात करण्याच्या पर्यायातून ती शीट निवडा. ते विचारते की जागा कोणत्या रकान्यांवरून ठरवायची, तिथे अक्षांश आणि रेखांश सांगा; शीर्षक कशाचे, तिथे ठिकाणाचे नाव. सगळ्या खुणा एकदम उमटतात. वर्गात मोठ्या पडद्यावर हे झाले, की टाळ्या वाजतात.

दोन गोष्टी सांभाळा. अक्षांश-रेखांश इंग्रजी अंकांतच ठेवा, देवनागरी अंक तिथे नकोत. आणि शीटऐवजी एक्सेलमधून सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) करणार असाल तर ती यूटीएफ-८ प्रकारातच जतन करा, नाहीतर सगळ्या देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. गूगल शीट थेट जोडली तर ही अडचणच येत नाही. पत्त्यावरून जागा शोधायला लावू नका. आमच्या वाड्यावस्त्यांची नावे त्यात सापडत नाहीत, आणि सापडली तर भलत्याच जिल्ह्यात.

नकाशा कोणाला दिसावा, हे आधी ठरवा. मी तो लिंक असलेल्यांनाच दिसेल असा ठेवते आणि लिंक पालकांच्या गटावर टाकते. मुलांची पूर्ण नावे, चेहरे दिसणारे फोटो आणि घरे नकाशावर टाकायची नाहीत, यात सवलत नाही. ‘माझ्या घरापासून शाळेपर्यंत’ हा उपक्रम सगळीकडे सुचवला जातो. तो करायचाच असेल तर कागदावर करा. नकाशावर एखाद्या मुलीचे घर आणि तिची रोजची वाट दोन्ही उघडी पडतात. तसाच मोह सरकारच्या ‘महाभूनकाशा’चा होतो. तिथे गावातल्या शेतांचे गट दिसतात, बांध दिसतात, आणि शेतकऱ्याच्या घरात नकाशा म्हटले की आधी तोच आठवतो. पण कोणाची जमीन किती, कोणाला जमीनच नाही, हे वर्गात उघड होऊ नये. मी तो वर्गात उघडत नाही.

वारीची वाट

माउलींची पालखी आमच्या सासवडला येते आणि बहुतेक वर्षी दोन दिवस राहते. इथूनच सोपानकाकांचीही पालखी निघते. मुलांनी दिवे घाट माणसांनी भरलेला पाहिलेला असतो, पाणी वाटलेले असते, घरी वारकरी उतरलेले असतात. म्हणून नववीचा मोठा प्रकल्प मी वारीच्या वाटेचा ठेवला आहे. तुमच्या गावावरून पालखी जात नसेल तर तुमच्याकडची नदी घ्या, आठवडे बाजारांची साखळी घ्या, ऊसतोडीच्या टोळ्यांची वाट घ्या. मुलांच्या ओळखीची कोणतीही वाट चालेल.

आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. एका गटाला एक मुक्काम. इथे माय मॅप्सची एक मर्यादा आड येते: रस्ता आपोआप काढण्याच्या साधनात एका थराला दहाच ठिकाणे घेता येतात आणि मुक्काम आहेत पंधरा. दोन थर करून जोडता येते, पण मी ते साधन वापरतच नाही. ते मोटारीचा सोयीचा रस्ता काढते. रेघ ओढण्याचे साधन घेऊन मुलांनी पालखीमार्ग स्वतः ओढावा. दिवे घाटातली वळणे माउसने ओढताना हात थकतो, आणि मग घाटाचे वर्णन लिहायला सांगितले की ‘नागमोडी’ हा शब्द आपोआप गळतो. कुठे वळण तीव्र, कुठून मस्तानी तलाव दिसतो, हे लिहिले जाते. गूगल अर्थवर हाच घाट तिरका करून दाखवा. सपाट नकाशावर चढ कळत नाही, तिथे कळतो.

या वाटेवर भाषेचे काम भरपूर आहे. गावांच्या नावांना प्रत्यय लावायला लागा. पुणे–पुण्याहून, वाल्हे–वाल्ह्याला, नातेपुते–नातेपुत्याला. पण लोणंद–लोणंदला, बरड–बरडला. तिथे मधे काही येत नाही. पंढरपूरला म्हणतो तेव्हा ‘पू’ दीर्घ राहतो आणि पंढरपुरात म्हटले की ऱ्हस्व होतो. वेळापूरचेही तेच. मग काळ. प्रत्येक गटाने आपल्या मुक्कामाची नोंद तीनदा लिहायची: पालखी येण्याआधी भविष्यकाळात, त्या दिवशी चालू वर्तमानकाळात, पुढे गेल्यावर भूतकाळात. ‘वाल्ह्याहून निघालेली पालखी नीरेवर थांबेल, पादुकांना स्नान होईल’ हे वाक्य आठवड्याभराने ‘झाले’ या रूपात पुन्हा लिहिताना त्याला खरा अर्थ असतो. पुस्तकातल्या ‘काळ बदला’ या प्रश्नाला तो नसतो.

तरडगावच्या अलीकडे चांदोबाचा लिंब इथे पहिले उभे रिंगण होते. त्या गटाला मी एकच काम दिले: रिंगण कधी न पाहिलेल्या माणसाला समजेल असे लिहा. ‘उभे’ म्हणजे काय, वारकरी कुठे उभे असतात, अश्व कोणत्या बाजूने येतो, मधली मोकळी वाट किती रुंद. विदर्भातून बदलून आलेल्या शिक्षकांच्या एका मुलीने रिंगण पाहिलेले नव्हते. तिला त्या गटाची परीक्षक केले. तिला समजेपर्यंत नोंद नकाशावर चढली नाही. हा प्रयोग मला सगळ्यांत जास्त उपयोगी वाटतो: ज्या मुलाला ती गोष्ट माहीत नाही, त्यालाच संपादक करायचे.

बोलींचा नकाशा

वर्गात बाहेरगावची मुले असतील, किंवा मुलांचे नातेवाईक लांब असतील, तर हा प्रकल्प घ्या. एक वस्तू किंवा नाते निवडायचे आणि फोनवर विचारायचे: तुमच्याकडे याला काय म्हणतात, आणि एक पूर्ण वाक्य बोलून दाखवा. मुलगा म्हणायला आमच्याकडे पोरगा. मालवणीत झील, वऱ्हाडीत पोट्टा, अहिराणीत आंडोर किंवा पोऱ्या. गाव, सांगणाऱ्याचे साधारण वय, शब्द, वाक्य असा तक्ता करून वर सांगितला तसाच नकाशावर चढवायचा. खुणांना शब्दाप्रमाणे रंग द्या, म्हणजे कोणता शब्द कुठपर्यंत जातो ते दिसते.

इथे एक शिस्त पाळा. ‘चूक’, ‘अशुद्ध’, ‘गावठी’ हे शब्द तक्त्यात येता कामा नयेत. भाषाअभ्यासक ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड, १९०५ चा, मराठीवर आहे. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनीही मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आहे. आपल्या मावशीचे बोलणे ही अभ्यासाची वस्तू आहे, हे मुलांना कळले की ती फोन ठेवताना वेगळ्याच ताठ मानेने ठेवतात. घरी गोरमाटी, कैकाडी, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलांनी आपला शब्दही त्याच तक्त्यात टाकावा. आमच्या वर्गात तो सगळ्यांत आधी वाचला जातो.

नावे दुरुस्त करणे

कोणताही ऑनलाइन नकाशा देवनागरीत करून बघा. रोमन लिपीतून परत मराठीत येताना ळ चा ल होतो, ण चा न होतो, अनुस्वार उडतो. वेळापूरचे ‘वेलापूर’ होऊ शकते. मुलांना आपल्या परिसराचा एक चौकोन द्या आणि नावे तपासायला लावा. पण नाव चुकले आहे हे ठरवायचे कशावरून? ग्रामपंचायतीचा फलक, एसटीची पाटी, शाळेचा शिक्का आणि गावातले उच्चार, या चारही ठिकाणी बघायचे. नेहमी एकच उत्तर मिळत नाही. आचार्य अत्रे १८९८ मध्ये ज्या गावी जन्मले, ते सासवडजवळचे गाव कुठे ‘कोडीत’ छापलेले सापडते, कुठे ‘कोढीत’. अशा वेळी घाईने बदल करू नये. दोन्ही रूपे कुठे सापडली ते नोंदवून वर्गात बाजू मांडायला लावावी.

खात्री झाली की मग पुढचे पाऊल. गूगल मॅप्सवर बदल सुचवण्याची सोय आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते काढून थेट दुरुस्ती करता येते आणि तिथे मराठी नावासाठी वेगळी जागाच असते. दुरुस्ती शिक्षकाने आपल्या खात्यावरून करावी. पण त्याआधी मुलांकडून पत्र लिहून घ्या: ‘विषय: नकाशावरील गावाच्या नावाच्या दुरुस्तीबाबत’. औपचारिक पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. खरे कारण आणि जोडलेला पुरावा असला की मायना आणि समारोप शिकवायला वेळ लागत नाही.

परदेशातल्या वर्गांसाठी

माझी एक मैत्रीण परदेशात रविवारी मराठीचा वर्ग घेते. तिच्या मुलांना पाणंद, पार, वेस या गोष्टी पाहायलाच मिळत नाहीत. तिला मी गूगल मॅप्समधले, रस्त्यावरचे फोटो दाखवणारे स्ट्रीट व्ह्यू सुचवले. भारतात ते २०२२ मध्ये दहा शहरांत सुरू झाले, त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि आताचे अहिल्यानगर होते. एखादा जुना बाजाररस्ता निवडायचा आणि मुलांना दुकानांच्या पाट्या वाचत पुढे न्यायचे. जोडाक्षरांचा इतका चांगला सराव पुस्तकात मिळत नाही, कारण पाटीवरची अक्षरे वेगवेगळ्या वळणांची असतात. एकाने पडद्याकडे पाठ करून बसायचे, दुसऱ्याने जे दिसते ते सांगायचे, पहिल्याने कागदावर रस्ता काढायचा. लहान मुलांना दहा मिनिटे, मोठ्यांना वीस. त्याहून जास्त नको, पडद्याचा कंटाळा येतो आणि बोलणे थांबते.

गुण आणि जपणूक

गुण देताना नकाशाच्या दिसण्याला काहीही देऊ नका. रंग, चिन्हे, फोटो यांवर मुले तासन्‌तास घालवतात. मी दहापैकी चार गुण नेमकेपणाला देते (वाचून जागा सापडते का), तीन भाषेला, दोन मोठ्या माणसाकडून आणलेल्या माहितीला आणि एक दुसऱ्या गटाची नोंद सुधारायला केलेल्या मदतीला. नेमकेपणा तपासायला दुसऱ्या तुकडीची मुले पाठवते. त्यांना जागा सापडली नाही, तर नोंद परत.

नेट नसेल त्या दिवसासाठी नकाशाचे छापील पान जवळ ठेवा. माय मॅप्समध्ये छापण्याची सोय आहे. वर्षअखेरीस प्रत्येक थर केएमएल फाइल (नकाशाच्या खुणा साठवणारी फाइल) म्हणून उतरवून घ्या आणि नोंदींची शीट वेगळी जतन करा. दोन्ही पेनड्राइव्हवर, शाळेच्या कपाटात. ऑनलाइन सेवा बदलतात, बंदही होतात, पण केएमएल फाइल गूगल अर्थमध्येही उघडते आणि यूमॅपमध्येही. जूनमध्ये नव्या वर्गाला नवा थर काढून द्या आणि पहिले काम म्हणून मागच्या वर्षीच्या पाच नोंदी तपासायला पाठवा. गिरणी बंद झाली असेल, चिंच पडली असेल, विहिरीला जाळी बसली असेल. बदललेले तेवढे तारखेसह खाली लिहायचे, जुना मजकूर तसाच ठेवायचा.